‘उन्हाळ्यात नुसत्या काड्या’ म्हणणाऱ्या मुलुंडकरांना उत्तर

नमस्कार मुलुंडकर,

तुमची कमेंट नीट दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आम्ही काही जणांनी देशी झाडं-झुडपं लावलीयत, ती तुम्ही एप्रिलमध्ये बघितलीत आणि तुमचं म्हणणं असं की नुसत्या काड्या उभ्या आहेत, जी पानं आहेत तीही किडीने खाल्लेली, याला सुशोभीकरण म्हणायचं का, त्यापेक्षा लॉन आणि बोगनवेल लावली असती तर बारा महिने रंग दिसला असता. लो मेंटेनन्स हे दुर्लक्ष करायला शोधलेलं गोंडस नाव आहे, झुडपांनी डास वाढतात, आणि मुळात हे काम पालिकेचं आहे. तुम्ही रोखठोक लिहिलंत ते आवडलं, मीही तसंच लिहिते, जरा लांबेल.

तुम्ही ज्या काड्या बघितल्यात तो बहुतेक कुडा. एप्रिलमध्ये तो असाच दिसतो. पुन्हा गेलात तर एखाद्या फांदीवर नखाने हलकंच खरवडून बघा, साल निघाली की आत ओलं हिरवं दिसतं, आणि टोकाला तांदळाएवढा कोंब बसलेला असतो. त्यातूनच पालवी येते आणि मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे झुबके. झाड मेलेलं नाही, ते पाणी वाचवतंय. आपल्याकडे 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने आकाशातून काहीच नाही, आणि झाडाचं सगळ्यात जास्त पाणी उडतं ते पानांतून, म्हणून आपल्या मागच्या नॅशनल पार्कातली कितीतरी झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकून मोकळी होतात. हे त्यांना जमतं म्हणूनच आमच्या पट्टीला टँकर लागत नाही. लॉनला मात्र मे महिन्यात रोज पाणी पाहिजे, आणि धरणं तळाला जाऊन शहरात पाणीकपात सुरू असताना गवतावर पाईप सोडलेला मला खरंच बघवत नाही.

सगळी पट्टी एकदम बोडकी दिसू नये याचाही विचार केलाय. मधेमधे बकुळ आहे, ती सदाहरित, आणि करंज, जो होळीच्या आगेमागे पानं टाकतो आणि लगेच पोपटी पालवीने भरून जातो. धायटी तर जानेवारी-फेब्रुवारीपासूनच लाल होते आणि सकाळी तिच्यावर फुलांतला मध पिणारे छोटे शिंजीर पक्षी येतात, चालत गेलात तर दिसतील, रिक्षातून नाही दिसणार.

बोगनवेल चिवट आहे, कमी पाण्यात जगते, शंभर टक्के मान्य. ती मूळची ब्राझीलकडची आहे म्हणून माझा तिच्यावर काही राग नाही, गुलमोहर मादागास्करचा आहे आणि त्याच्या सावलीत आपण सगळे वाढलो. तिथे आधीपासून होत्या त्या बोगनवेलींना आम्ही हात लावलेला नाही. पण अरुंद फुटपाथवर तिच्या काटेरी फांद्या बरोबर डोळ्याच्या उंचीला येतात, पावसात सारखी छाटावी लागते, ती छाटणी कोण करणार? शिवाय सगळीकडे एकच झाड लावायचं यालाच माझा विरोध आहे. 2010 च्या आसपास मिलीबग, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, पडून मुंबईतले रेन ट्री एकापाठोपाठ वाळत गेले ते तुम्हीही बघितलं असेल, जिथे रांगेने तेच होते तिथे रस्तेच्या रस्ते उघडे पडले.

आता ती ‘किडीने खाल्लेली’ पानं. ती रुई आहे हो! आमच्याच ग्रुपमधल्या एक काकू स्प्रे घेऊन आल्या होत्या, त्यांना म्हटलं आधी बघा तरी. काळे-पांढरे पट्टे, मधे पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या अशी सुरवंटं पानाच्या कडेने कुरतडत होती, पानातून पांढरा चीक गळत होता आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं. प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू अंडी घालायला रुई आणि तिच्याच कुळातल्या झाडांकडे येतं, शोभेच्या क्रोटनवर ती सुरवंटं जगणार नाहीत. रुईला चार पानं गेल्याने काही होत नाही, पुन्हा फुटते. काकू आता स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना थांबवून दाखवतात.

आणि दुर्लक्ष म्हणालात ते मात्र मला लागलं. त्या पट्टीत माती नव्हतीच मुळी, पहार मारली की खण्णकन आवाज, खाली सगळं डेब्रिज, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे, प्लास्टिक, ते उपसून लाल माती आणि शेणखत भरलं तेव्हा कुठे रोप लावायच्या लायकीचे खड्डे झाले. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावंच लागतं, देशी असो नाहीतर विदेशी, कारण मुळं खोल गेलेली नसतात. समोरच्या दुकानदारांनी एसीच्या पाईपखाली बादल्या लावून दिल्या, मुंबईच्या दमट हवेत त्या भराभर भरतात, ते पाणी आम्ही वापरलं. बुंध्याशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते, तर तो कचरा समजून झाडून नेला जायचा, मग सफाई कामगारांशी बसून बोललो, आता तेच पाचोळा आणून टाकतात. कमी देखभाल आहे ती याच्यानंतर. आणि असल्या जमिनीतही हिरवं उभं राहतं, धारावीजवळचं निसर्ग उद्यान बघा, 37 एकर, आधी तिथे शहराचा कचरा टाकत होते.

डासांचं एवढंच सांगते, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, झुडपात नाही. शोभेच्या कुंड्यांखाली ठेवलेल्या ताटल्या आठवड्यातून एकदा उलट्या केल्यात तर जास्त उपयोग होईल. आणि पालिकेच्या परवानगीनेच हे चाललंय, जागा त्यांची आहे, मोठ्या झाडांची छाटणीही तेच करतात, पण रोज जाता-येता रोपाकडे बघायला माणूस तिथे राहणाराच लागतो.

तुमच्या कमेंटमधली एक ओळ मात्र मी ग्रुपवर टाकली, ‘हे काय लावलंय ते सामान्य माणसाला कळणार कसं?’ म्हणून आता पाट्या करतोय. नुसतं नाव नाही, पानं कधी जातात, कधी येतात, फूल कधी, तेवढं मोठ्या अक्षरात. कुड्याची पाटी अशी लिहिलीय: ‘कुडा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानं नसतात, झाड जिवंत आहे, मोडू नका. मे-जूनमध्ये पांढरी फुलं.’ बाकीच्यांचा मजकूर अजून व्हायचाय. तुम्हाला लिहायचा सराव दिसतो, तर छापायला देण्याआधी एकदा नजर टाकाल का?