उपवास, पारणे आणि बंद ठेवलेल्या गोळ्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दीर्घ उपवासांवरील माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचून त्यावर सविस्तर आक्षेप नोंदवलात, याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की सलग अनेक दिवस चालणारे कडकडीत उपवास वैद्यकीय देखरेखीशिवाय करू नयेत, आणि मधुमेहींनी, गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी ते मुळीच करू नयेत, असे मी त्यात म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की डॉक्टरांनी रोगांपुरते बोलावे, श्रद्धेत नाक खुपसू नये. आपल्या आई गेली कित्येक वर्षे नवरात्रात नऊ दिवस लवंग आणि पाण्यावर राहतात. ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशींनी आपलेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरण्याच्या प्रक्रियेच्या, संशोधनाला नोबेल मिळाल्याने उपवासाचे महत्त्व विज्ञानानेच मान्य केले आहे. गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपवास केले आणि त्यांना काही झाले नाही. आणि रमजानबद्दल मी एक अक्षरही लिहिले नाही, असे चार मुद्दे आपण मांडले आहेत. याखेरीज ओघात आपण एक वाक्य लिहून गेला आहात : ‘त्या नऊ दिवसांत आई बीपीची आणि शुगरची गोळीसुद्धा घेत नाही, तरी अडुसष्टाव्या वर्षी ठणठणीत आहे.’ आपल्या प्रतिक्रियेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य हेच आहे, आणि हे उत्तर लिहायला बसलो ते मुख्यतः त्यासाठीच.

रमजानचा मुद्दा आधी संपवतो. रोज्यात पहाटे आणि सूर्यास्तानंतर जेवण होते, त्यामुळे सलग अनेक दिवसांच्या निराहाराचा जो विषय मी घेतला होता त्यात तो बसत नव्हता. मधुमेही माणसाला त्यातही धोका असतो, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानपुरत्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. माझ्याकडे येणारे अनेक मुस्लिम रुग्ण रमजान लागण्यापूर्वीच येऊन गोळ्यांच्या वेळा बदलून घेतात. घटस्थापनेपूर्वी किंवा जैनांच्या पर्युषण पर्वापूर्वी तेवढ्याच सहजतेने विचारायला येणारे रुग्ण मला फार थोडे भेटतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑटोफॅजीबद्दल. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले ते पेशी आपल्यातील निकामी भाग मोडून पुन्हा कशा वापरतात याच्या उलगड्यासाठी, आणि त्यांचे मूलभूत प्रयोग यीस्टच्या पेशींवरचे होते. अन्न तुटले की ही प्रक्रिया वाढते हे खरे आहे. पण त्यावरून नऊ, सोळा किंवा तीस दिवस उपाशी राहणाऱ्या माणसाला दिवसांच्या हिशेबाने वाढता लाभ होतो, असे त्या संशोधनात कुठेही सिद्ध झालेले नाही. उपवासात शरीरात काय होते ते बऱ्यापैकी माहीत आहे. यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साधारण दिवसभरात संपते. मग मेंदूला साखर पुरवण्यासाठी शरीर स्नायूंतील प्रथिने मोडू लागते, आणि काही दिवसांत चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोनवर मेंदूचा बराचसा कारभार चालू लागतो, तेव्हा स्नायूंची झीज मंदावते. मंदावते, थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर भूक मरते, अंग हलके वाटते, मन लागते, असे उपवास करणारे सांगतात. तो अनुभव खरा आहे, आणि त्याला कोणी देवीची कृपा म्हणत असेल तर मी त्यावर वाद घालणार नाही. मात्र भूक गेली म्हणजे शरीराची तूट भरून निघाली असे होत नाही. मीठ, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) यांचा साठा रोज खाली जात असतो, आणि त्याची जाणीव करून देणारी कोणतीही भूक माणसाला लागत नाही.

गांधीजींचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले, कारण ते नीट पाहिले तर माझ्याच बाजूचे आहे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात त्यांनी केलेला उपवास प्राणांतिक नव्हता. सोसेल तितकाच करायचा म्हणून त्यांनी त्याला एकवीस दिवसांची मर्यादा घातली होती आणि पाणी जाईनासे झाले तर त्यात फळांचा थोडा रस मिसळण्याची मुभा स्वतःच ठेवली होती. डॉ. सुशीला नय्यर, डॉ. गिल्डर, डॉ. बिधानचंद्र रॉय अशी मंडळी त्यांना तपासत होती. तरीसुद्धा मध्यावर त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की ते वाचतील याची खात्री कोणी देऊ शकत नव्हते. ‘काही झाले नाही’ असे त्या उपवासाबद्दल म्हणता येत नाही. उपवास सोडला तोही संत्र्याच्या रसाने, आणि पुढचे काही दिवस ते रसावरच होते.

या शेवटच्या गोष्टीपाशी थांबणे आवश्यक आहे, कारण दीर्घ उपवासातला सर्वांत मोठा धोका पुष्कळदा उपवास सुटल्यावर सुरू होतो आणि नेमक्या त्याच वेळी घरचे सगळे निर्धास्त झालेले असतात. काही वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पन्नाशीच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. गृहस्थ मुळातच किडकिडीत, त्यात नवरात्राआधी बरेच दिवस जुलाबाने हैराण झालेले. नऊ दिवस केवळ पाण्यावर काढून दसऱ्याला श्रीखंड-पुरीचे भरलेले ताट त्यांनी आनंदाने संपवले होते, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडेही जेवण झाले होते. आता त्यांच्या पायांवर सूज होती, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागत होता, दोन वाक्ये बोलली की धाप लागत होती आणि मुलाचे नाव घेताना ते अडखळत होते. मुलगा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘उपवासात काहीच त्रास झाला नाही हो, आता तर ते व्यवस्थित जेवत आहेत.’ रक्तातील फॉस्फेट ०.९ निघाले, ते २.५ ते ४.५ असायला हवे. पोटॅशियमही बरेच खाली गेले होते. त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि ते वाचले.

याला वैद्यकात रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी अनेकजण अन्न मिळाल्यानंतर दगावले. उपासमारीनंतर एकदम पिठूळ आणि गोड अन्न पोटात गेले की इन्शुलिन उसळते, आणि रक्तात उरलेले थोडेसे फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते. रक्तातील पातळी काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कोसळते, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. थायमिन संपलेले असेल तर माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, त्याचा तोल जातो. फसवी गोष्ट अशी, की पारण्याच्या आदल्या दिवशी रक्त तपासले तर रिपोर्ट पुष्कळदा नॉर्मल येतो, कारण तूट पेशींच्या आत असते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचना सांगतात, की पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस त्याच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त आहार देऊ नये. दहा दिवसांहून अधिक काळ उलटला असेल तर दर किलो वजनामागे दिवसाला १० कॅलरींच्या वर सुरुवात करू नये. पन्नास किलोच्या बाईसाठी हे दिवसाचे ५०० कॅलरी होतात. श्रीखंड-पुरीचे एक ताट त्याच्या सहज पुढे जाते.

जैन समाजात अठ्ठाई (आठ दिवसांचा उपवास) किंवा मासखमणाचे (महिनाभराच्या उपवासाचे) पारणे मुगाच्या पाण्याने करण्याची रीत आहे, आणि ती मला अत्यंत शहाणपणाची वाटते. अडचण येते ती पुढे. तपस्व्याला पारणे करवण्याचा मान प्रत्येक नातेवाइकाला हवा असतो, प्रत्येकजण प्रेमाने एकेक चमचा भरवतो आणि त्या चमच्यांत गोडधोड येते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत अडुसष्ट दिवसांचा उपवास केलेली तेरा वर्षांची मुलगी गेली, तीही उपवास सुटल्यानंतर दोन-तीन दिवसांत. तिच्या मृत्यूच्या वैद्यकीय कारणावर मी दुरून मत देणार नाही. परंतु वाढत्या वयाच्या मुलीला इतक्या दीर्घ तपाला बसू देणे मला कोणत्याही श्रद्धेच्या नावाखाली पटणार नाही, आणि या एका बाबतीत मी नाक खुपसत राहीन. (सल्लेखनेचा, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताचा, प्रश्न मी त्या लेखात मुद्दाम घेतला नव्हता. आयुष्याच्या अखेरीस, असाध्य रोगात किंवा जराजर्जर अवस्थेत घेतलेले ते व्रत आहे. जगण्यासाठी आणि पुढच्या वर्षी पुन्हा व्रत करण्यासाठी उपवास करणाऱ्या माणसाशी त्याची गल्लत करू नये.)

आता आपल्या आईंविषयी. इतकी वर्षे त्यांनी हे व्रत निभावले, यामागे मोठा निग्रह आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. पण चाळिशीतले शरीर आणि अडुसष्टीतले शरीर यांत फरक पडतो. या वयात तहान कमी लागते, मूत्रपिंडांची मीठ-पाणी राखण्याची ताकद घटते, आणि नवरात्र येते ते ऑक्टोबरच्या उकाड्याच्या तोंडावर. गोळ्यांची नावे आपण लिहिलेली नाहीत, म्हणून सर्वसाधारण चित्र सांगतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर धोकादायक रीतीने उतरते, म्हणजे ती बंद ठेवणे योग्यच ठरेल. मधुमेहाचीच डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळी उपवासात चालू राहिली तर रक्तात आम्ल साठू शकते, आणि तेही ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली न दिसता. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर ते चालू ठेवल्याने सोडियम-पोटॅशियम घसरून चक्कर येऊ शकते. उलट मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी अचानक तोडली तर धडधड, रक्तदाबाची उसळी, आणि हृदयविकार असेल तर छातीत दुखणे, इथपर्यंत मजल जाऊ शकते. इन्शुलिनचा निर्णय तर घरी कोणीही करू नये. थोडक्यात, ‘सगळ्या गोळ्या बंद’ आणि ‘सगळ्या गोळ्या चालू’ हे दोन्ही मार्ग चुकीचे ठरू शकतात, आणि हे ठरवायला गोळ्यांचे पाकीट घेऊन त्यांच्या डॉक्टरांसमोर अर्धा तास बसणे एवढेच लागते.

गोळी घेतली तर व्रत मोडेल, अशी आईंची धारणा असेल. तर मग धर्मशास्त्रकार नेहमी देतात तो श्लोक त्यांना वाचून दाखवा : ‘अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥’ पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही. यादीतले शेवटचे नाव औषधाचे आहे. जैन पच्चक्खाणाच्या, म्हणजे व्रताच्या प्रतिज्ञेच्या, पाठातही ‘सव्वसमाहिवत्तियागारेणं’ हा आगार, म्हणजे सूट, ठेवलेला आहे. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेतले तर पच्चक्खाण मोडत नाही. ज्यांना पूर्ण उपवास झेपत नाही त्यांच्यासाठी एकभुक्त (दिवसातून एकदाच जेवणे) आणि नक्त (फक्त रात्री जेवणे) सांगितले आहे, आपल्याकडे उठता-बसता उपवास आहे, धान्यफराळ आहे, आणि अशक्ताच्या वतीने मुलाने व्रत करण्याची तरतूदही आहे. मी लेखात जे मागितले होते ते यापेक्षा वेगळे नाही, आणि म्हणून श्रद्धेच्या विरोधात लिहिल्याचा आरोप मला मान्य करता येत नाही.

आपल्या आई यंदाही लवंग-पाण्यावरच राहणार असतील तर निदान एवढे करावे. घटस्थापनेच्या आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांना भेटून गोळ्या ठरवून घ्याव्यात. नुसत्या पाण्याऐवजी सैंधव आणि लिंबू घातलेले पाणी चालते का, ते त्यांना विचारावे. बऱ्याच घरांत ते चालते. घरात ग्लुकोमीटर ठेवावा आणि साखर सत्तरच्या खाली आली तर तिथेच साखरपाणी देऊन उपवास थांबवावा. उठताना अंधारी येणे, दिवसभर लघवी न होणे, उलट्या, छातीत धडधड, बोलण्यात विसंगती, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दसऱ्याचा नैवेद्य देवीला जरूर दाखवावा, त्यातला घासभर प्रसाद म्हणून त्यांनी घ्यावा, आणि त्यांचे जेवण मात्र पहिले दोन दिवस मुगाचे कढण, ताक, दूध आणि थोडी मऊ भाताची पेज एवढ्यावर, थोडे थोडे करून ठेवावे. त्यानंतर आठवडाभरात पायांवर सूज, धाप किंवा विचित्र थकवा आला तर सरळ दवाखान्यात न्यावे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना उपवासाचे आवर्जून सांगावे, कारण ते सांगितल्याशिवाय फॉस्फेट तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येणार नाही.