‘मदर इंडिया’ एका मताने हरला, हे कुणी मोजलं?

परवा रात्री भाचीचा आटपाडीहून फोन. नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत भारतीय सिनेमावर बोलायचंय म्हणून भाषण पाठ केलेलं, ते मला ऐकवायचं होतं. “मावशी, मधे बोलू नकोस हं,” असं बजावून तिने सुरुवात केली. दुसऱ्याच मिनिटाला मी मधे बोलले.

कारण तिचं अर्धं भाषण म्हणजे तोच फॉरवर्ड होता. दरवर्षी ऑस्करच्या सुमारास फिरतो तो. तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: १९५८ च्या ऑस्करला ‘मदर इंडिया’ तिसऱ्या फेरीत फक्त एका मताने हरला. सिनेमातली नायिका राधा सावकाराशी लग्न का करत नाही, हेच गोऱ्या परीक्षकांना कळलं नाही. त्यांनी आपल्या मातेला डावलून वेश्येवरच्या एका अश्लील सिनेमाला बक्षीस दिलं. आशियातल्या कलाकाराला पुरस्कार द्यायचाच नाही, हे त्या रात्री आधीच ठरलं होतं. नर्गिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळूनही तिला डावललं. आणि शेवटी मराठी माणसासाठी खास फोडणी: शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ मुद्दाम पाठवलाच नाही.

पोरीने हे सगळं मनापासून पाठ केलं होतं. आवाज चढवायच्या जागाही ठरवल्या होत्या. म्हणूनच मला राग आला.

आधी ते एक मत. ऑस्कर देणारी अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही. कुणाला किती मतं, दुसरा कोण, तिसरा कोण, यातलं काहीच नाही. मतमोजणी तीसच्या दशकापासून बाहेरच्या हिशेबनीस कंपनीकडे आहे आणि १९४१ पासून निकाल बंद पाकिटातून येतो. अकादमीने आपल्या सगळ्या पुरस्कारांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. त्यात ३० व्या सोहळ्याचं पान उघडा. २६ मार्च १९५८, हॉलिवूडमधलं पँटेजेस थिएटर. परदेशी भाषेतल्या चित्रपटांच्या गटात पाच नावं: इटलीचा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’, फ्रान्सचा ‘गेट्स ऑफ पॅरिस’, पश्चिम जर्मनीचा ‘द डेव्हिल स्ट्राइक्स अॅट नाइट’, नॉर्वेचा ‘नाइन लाइव्ह्ज’ आणि भारताचा ‘मदर इंडिया’. विजेता इटली. बास. मतांचा रकाना त्या पानावर नाहीच. मग हे एक मत कुणी मोजलं? कुणाकडून बाहेर आलं? फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलेला नाही, आणि पुढे पाठवणाऱ्या हजारोंनाही नाही.

गंमत वाटेल, पण एका मताचा किस्सा ऑस्करच्या इतिहासात खरोखर आहे. तो वेगळ्याच माणसांचा. नोव्हेंबर १९३२ च्या सोहळ्यात फ्रेडरिक मार्चला वॉलेस बिअरीपेक्षा एक मत जास्त पडलं. तेव्हाचा नियम असा, की तीन मतांच्या आतला फरक म्हणजे बरोबरी. म्हणून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांनाही दिला गेला. हे आपल्याला कळलं ते अकादमीनेच तेव्हा सांगितलं म्हणून. त्या काळात काही वर्षं तर दुसरा-तिसरा क्रमांकही जाहीर व्हायचा. १९५८ पर्यंत ती पद्धत कधीच बंद झाली होती.

आता सावकाराचा मुद्दा. “परीक्षक म्हणाले” असं ठोकून दिलंय. कोण परीक्षक? नाव नाही. ऑस्करचा विजेता गुप्त मतदानाने ठरतो; मत का दिलं याचं कारण कुणी लिहून देत नाही. आणि ज्याने ‘मदर इंडिया’ खरंच पाहिलाय त्याला तो प्रसंग अवघड जायचं कारण काय? पुरात शेत गेलंय, दोन लेकरं गेली आहेत, नवरा दोन्ही हात गमावल्यावर घर सोडून गेलाय. उरलेली पोरं भुकेने कळवळताहेत. राधा चिखलाने माखलेल्या अंगाने त्या सावकाराच्या, सुखीलालाच्या दारात जाते. समोर लक्ष्मीची मूर्ती दिसते. तिथे ती थांबते, आणि मग त्याच सुखीलालाला बडवून बाहेर पडते. हे समजायला हिंदी यावं लागत नाही. भूक कळत असेल आणि अब्रू कळत असेल तर हा प्रसंग कळतो. साता समुद्रापलीकडच्या माणसाला या दोन गोष्टी कळत नाहीत, असं नवव्या यत्तेतल्या मुलीला शिकवायचं?

पण मला सगळ्यात जास्त खुपलं ते पुढचं वाक्य. “वेश्येवरचा अश्लील सिनेमा.” हे लिहिणाऱ्याने ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’ची एक चौकटही पाहिलेली नाही, हे मी शपथेवर सांगते. इटालियन दिग्दर्शक फेडेरिको फेलिनीचा सिनेमा आहे तो. आदल्या वर्षी याच गटातला पहिला स्पर्धेतला पुरस्कार फेलिनीच्याच ‘ला स्त्रादा’ने घेतला होता, त्याआधी परदेशी चित्रपटांना मानाचा पुरस्कार मिळायचा, स्पर्धा नव्हती. कॅबिरियाचं काम करणाऱ्या जुलिएत्ता मसीनाला १९५७ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता.

कॅबिरिया रोममधली एक ठेंगणी, भांडकुदळ, भाबडी बाई. सिनेमा सुरू होतो तोच तिचा यार तिची पर्स हिसकावून तिला नदीत ढकलतो. शेवटी तिला लग्नाचं वचन देणारा माणूस भेटतो. ती आपलं घर विकते, साठवलेला सगळा पैसा काढते. तो तिला तळ्याच्या वरच्या कड्यावर घेऊन जातो. संध्याकाळची वेळ. त्याच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता तिच्या लक्षात येतं की हाही आपल्याला ढकलणार आहे. ती पैशांची पर्स त्याच्या पायाशी टाकते आणि जमिनीवर पडून म्हणते, मला मारून टाक. तो पर्स उचलतो आणि पळून जातो. अंधार पडल्यावर ती उठते, झाडीतून रस्त्यावर येते. तिथून गाणी-बजावणी करत जाणारी तरुण पोरं तिच्याभोवती नाचू लागतात. एक मुलगी तिला शुभ संध्या म्हणते. कॅबिरियाच्या डोळ्यातून काजळाचा एक काळा थेंब गालावर उतरलेला असतो, आणि ती हसते. जाता जाता क्षणभर आपल्याकडे, प्रेक्षकांकडे बघते.

यात अश्लील काय आहे, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. मला तर राधा आणि कॅबिरिया शेजारी बसवाव्याशा वाटतात. दोघींना पुरुषांच्या जगाने लुटलंय. एकीकडे गाव आहे, पोरं आहेत, आणि शेवटी हातात बंदूक घ्यावी लागते. दुसरीकडे कुणीच नाही. एका बाईचा मान राखायचा म्हणून दुसरीच्या पोटापाण्याच्या धंद्यावर थुंकायचं, हा कुठला अभिमान? ‘मदर इंडिया’ काढणाऱ्यांनी तसला अभिमान कधी मागितला नव्हता.

त्या रात्री आशियातल्या कलाकाराला पुरस्कार द्यायचाच नाही असं ठरलं होतं, हा तर धडधडीत खोटेपणा आहे. त्याच रात्री, त्याच मंचावर ‘सायोनारा’साठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मियोशी उमेकीने घेतला. जपानमध्ये जन्मलेली. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. सहायक अभिनेत्याच्या नामांकनांत ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधला सेस्यू हायाकावा होता, तोही जपानी. हॉलिवूडने आशियाई माणसांना वर्षानुवर्षं नोकर, खलनायक नाहीतर गेशा केलं, गोऱ्या नटांना पिवळा रंग फासून उभं केलं, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. पण उमेकीचं नाव पुसून ते बोलता येणार नाही.

आणि त्या रात्रीचा खरा अन्याय हवाच असेल तर तोही सांगते. ‘रिव्हर क्वाय’ला सात ऑस्कर मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट होता आणि रूपांतरित पटकथाही होती. पटकथेचा पुरस्कार मूळ कादंबरीकार पिएर बूल यांच्या नावावर गेला. पटकथा खरी लिहिली होती कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी. पण कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दोघं हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणून पडद्यावर त्यांची नावंच नव्हती. अकादमीने चूक दुरुस्त केली ती १९८४ साली. तोवर दोघंही वारले होते. हे सगळं नोंदलेलं आहे. पण ते आपल्या अभिमानाशी जुळत नाही, म्हणून त्याचा फॉरवर्ड होत नाही.

नर्गिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन नव्हतं. पाच नावं होती: जोअॅन वुडवर्ड, डेबोरा कर, अॅना मॅन्यानी, एलिझाबेथ टेलर, लाना टर्नर. जिंकली वुडवर्ड. नर्गिसला त्याच वर्षी कार्लोव्ही व्हारी महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळालं, पद्मश्रीही मिळाली. खरं एवढं भरघोस असताना खोटं कशाला जोडायचं?

अर्धसत्य एक आहे, ते कबूल करते. या गटात भारताने पाठवलेला पहिला चित्रपट ‘मदर इंडिया’च, आणि तो शेवटच्या पाचात पोचला. त्यानंतर आजवर फक्त दोन पोचले: ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. दोन्ही हरले. पहिल्याच खेपेला पाचात जाणं ही मोठी गोष्ट होती. ती मोठी वाटायला एका मताची गरज नाही.

राहिला शांतारामबापूंचा मुद्दा. एका देशातून एकच चित्रपट पाठवायचा, असा नियम. १९५७ च्या एकाच शरदात, महिन्याभराच्या अंतराने ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘मदर इंडिया’ लागले. एकच जाणार होता. हळहळ मलाही वाटते, पण ‘मुद्दाम’ या शब्दाला फॉरवर्डमध्ये काडीचा पुरावा नाही. उलट त्या वर्षीचं राष्ट्रपती सुवर्णपदक ‘दो आँखें’लाच मिळालं आणि ‘मदर इंडिया’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. म्हणजे घरच्या परीक्षकांनीही ‘मदर इंडिया’ला पहिलं मानलं नव्हतं! मग दिल्लीचे परीक्षकही गोरे होते का? ‘दो आँखें’ पुढे बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाला गेला आणि १९५८ साली तिथला ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार घेऊन आला.

हे सगळं सांगून झाल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, “मग मी बोलू काय? परवावर आलंय.”

मी विचारलं, “तुमच्याकडच्या स्वतंत्रपूरला गेली आहेस कधी?”

“ते कैद्यांचं? नाही. बाबांच्या गाडीवरून जाताना फाटा दिसतो.”

औंध संस्थानाच्या काळात मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून तिथे खुलं कारागृह सुरू झालं. गजांच्या आड न ठेवता कैद्यांना शेती करायला दिली. त्या प्रयोगावरून गदिमांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. गदिमा माडगूळचे, म्हणजे हिच्याच तालुक्यातले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या सिनेमाची गोष्ट हिच्या शाळेपासून एसटीच्या अंतरावर घडली, आणि ही पोर लॉस एंजेलिसमधली मतं मोजत बसली होती.

काल दुपारी तिचा फोटो आला. वडिलांच्या गाडीवर मागे बसलेली, मागे स्वतंत्रपूरचा फाटा, हातात वही. खाली लिहिलं होतं: “नवीन भाषण. सुरुवात इथून करते. वेळ किती लागतो ते रात्री फोनवर बघू, आणि तू मधे बोलू नकोस.”