मेल ढगात धाडण्यापूर्वी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

मराठीत कोणी ‘ढगात गेला’ म्हटले की लोक तिरडीच्या सामानाची चौकशी करू लागतात. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीचे मेल ढगात गेले, तेव्हा मात्र केक कापण्यात आला. भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात मी चौदा वर्षे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम करतो. संक्रांतीनंतरच्या त्या तीन-चार दिवसांत कंपनीने दोन मोठी कामे एकदम उरकली: स्वतःच्या सर्व्हरवरचे सगळे मेल क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, हलवले, आणि दोनशे दहा टेबलांवरचे संगणक उचलून त्या जागी व्हर्च्युअल डेस्कटॉपची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या संगणकाचा नुसता पडदा दाखवणारी, चिमुकली खोकी ठेवली. यातून मला लाभलेले ज्ञान आपल्याही कंपनीच्या उपयोगी पडावे, या निखळ परोपकारी हेतूने पुढील सूचना करीत आहे.

सर्वप्रथम, घाई करू नये. मेल सर्व्हरच्या एक्सचेंज २०१६ आणि एक्सचेंज २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टने कित्येक वर्षे आधी सांगून ठेवले होते. पण अशा तारखा वहीत टिपून ठेवणे हे भित्र्या माणसाचे लक्षण आहे. माझ्यासारखा कोणी दर सहा महिन्यांनी आठवण करून देत असेल, तर त्याला ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’ असे प्रेमाने सांगावे. तारीख उलटून ऑडिटरने शेरा मारला की तेच काम युद्धपातळीवर हाती घ्यावे, कारण युद्धपातळीवरच्या कामात झालेल्या चुकांचा हिशेब पुढे कोणी मागत नाही.

मुहूर्त काढण्याचे काम बाहेरगावच्या सल्लागारावर सोपवावे. त्याच्या तक्त्यात शनिवार आणि रविवार हे दोन रकाने राखाडी रंगाचे असतात, आणि राखाडी रकान्यात कोणीही काम करीत नाही, अशी त्याची श्रद्धा असते. भोसरीत सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी आमचा कारखाना भरभरून चालतो, ही गोष्ट गेटसमोरचा वडापाववालाही सांगू शकला असता. पण वडापाववाल्याला बैठकीचे निमंत्रण नव्हते. शनिवारी रात्री एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे कंपनीचे मेल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचे ते जगाला सांगणारी नोंद, बदलला आणि जुना सर्व्हर तेव्हाच बंद केला. त्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांनी किती वेळ धरून ठेवायचा ती मुदत, ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस होता. तो दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणून ठेवायचा असतो, म्हणजे नवा पत्ता जगाला लवकर कळतो. पण तेवढा रकाना तक्त्यात राहून गेला. परिणामी रविवारी दुपारपर्यंत काही मेल नव्या घरी पोहोचत होते आणि काही पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर रांगेत ताटकळत होते. आमचा डिस्पॅचचा माणूस माल भरलेला ट्रक गेटवर उभा करून ग्राहकाच्या परवानगीच्या मेलची वाट पाहत होता, आणि तो ड्रायव्हर दर पंधरा मिनिटांनी माझ्या दालनात डोकावून ‘साहेब, आला का?’ असे विचारत होता. मला तो ड्रायव्हर आयुष्यभर आठवेल.

मेलबॉक्स मोजण्याच्या भानगडीत पडू नये. एचआरकडून पगारपत्रक मागवावे आणि जितकी नावे तितके मेलबॉक्स, असा सरळ हिशेब धरावा. पगारपत्रकात ‘स्टोअर्स’, ‘गेट’, ‘क्वालिटी’ किंवा ‘परचेस’ या नावांचे कर्मचारी नसतात, म्हणून असे शेहेचाळीस सामायिक मेलबॉक्स आमच्याकडे शनिवारी रात्री साडेअकराला सापडले. त्यातला एकेक सात-सात माणसे उघडतात, आणि कोणाला नुसता वाचायचा आहे व कोणाला त्याच्या नावाने उत्तर पाठवायचे आहे, ही माहिती फक्त दोन ठिकाणी होती: जुन्या सर्व्हरवर, जो बंद केला होता, आणि माझ्या डोक्यात, जे बंद पडत चालले होते.

नवीन पासवर्ड नवीन मेलबॉक्सवरच पाठवावा.

साधनांची निवडही कल्पकतेने करावी. सगळे मेलबॉक्स एकाच वेळी हलवण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची एक पद्धत आहे. ती २,००० मेलबॉक्सपर्यंत चालते, पण १५० पेक्षा जास्त असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका, असेही मायक्रोसॉफ्टच सांगते. आमचे झाले होते २५६. टप्पे पाडावेत, असे कोणी सुचवले तर तो प्रकल्पाच्या गतीला खीळ घालतो आहे, असे समजावे. आमच्या सल्लागाराने तिसऱ्याच कोणाचे साधन आणले आणि मेल हलवलेही. फक्त प्रत्येक मेलबॉक्सची जुनी अंतर्गत ओळख नव्या मेलबॉक्सवर एक्स५०० नावाचा जादा पत्ता म्हणून चढवायची असते, ते करायचे राहिले. त्यामुळे झाले असे की, शेजारच्या टेबलावरून गेल्या आठवड्यात आलेल्या मेलला उत्तर पाठवले की ते ‘आयएमसीईएईएक्स’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या एका लांबलचक पत्त्यासह परत येई. आऊटलुक नाव सुचवताना तीच जुनी ओळख सुचवीत होते, आणि त्या ओळखीचा माणूस आता जगात नव्हता. यावर सल्लागाराने सुचवलेला उपाय असा की, प्रत्येकाने प्रत्येक पत्ता नव्याने टाइप करावा. दोनशे दहा माणसांनी. एका स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमने, वीस मिनिटांत होणारे काम दोनशे दहा माणसांनी आठवडाभर हाताने करावे, याला डिजिटल परिवर्तन म्हणतात, हे आपण ध्यानात घ्यावे. ती स्क्रिप्ट शेवटी मी लिहिली, सोमवारी पहाटे, कॅन्टीनच्या थंड चहाबरोबर.

एसपीएफ रेकॉर्डबाबत उदारमतवादी असावे. आपल्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरने पाठवावेत, हे सांगणारी ही नोंद. डोमेनला तो रेकॉर्ड एकच असावा लागतो; दोन आढळले तर समोरचा सर्व्हर त्याला दोष मानतो आणि दोन्हींपैकी कशाचाच उपयोग होत नाही. तरीही जुना तसाच ठेवून शेजारी नवा लावावा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या नोंदी ठेवणाऱ्या डीएनएसलाही लागू पडते, याचा प्रत्यय आपल्या कोटेशनांना ग्राहकांच्या स्पॅम फोल्डरमध्ये येईल.

स्कॅनरही मेल पाठवतो, हे शेवटपर्यंत कोणालाही आठवू देऊ नये.

चाचणीसाठी आयटी विभागातलीच दहा माणसे निवडावीत, कारण ती टॅली उघडत नाहीत, बारकोड छापत नाहीत आणि तक्रारही करीत नाहीत.

आता व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या नियोजनाकडे वळू. येथे सरासरी हा आपला खरा मित्र आहे. एक डेस्कटॉप नेहमीच्या कामात सेकंदाला दहा-वीस वेळा डिस्कशी बोलतो. सल्लागाराने पंधरा धरले, त्याला दोनशे दहाने गुणले, तीन हजार एकशे पन्नास हा आकडा काढला आणि तेवढी साठवणयंत्रणा मागवली. आकडा अगदी बरोबर आहे, दुपारी तीन वाजता. परंतु आमच्या कंपनीच्या बस गेटवर आठ पन्नासला येतात. तिथून कार्ड पंच करायला तीन मिनिटे आणि जिना चढायला दोन. म्हणजे दोनशे दहा माणसे आठ पंचावन्न ते नऊ पाच या दहा मिनिटांत एकसाथ लॉगिन करतात. त्या वेळी विंडोज सुरू होत असते, प्रत्येकाचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज, उघडत असते, अँटिव्हायरस जागा होऊन आल्यागेल्याची झडती घेत असतो, आणि तोच डेस्कटॉप पंधराऐवजी शेकड्यांत मागणी करतो. या धंद्यात याला बूट स्टॉर्म आणि लॉगिन स्टॉर्म म्हणतात. ही काही गुप्त विद्या नव्हे. व्हर्च्युअल डेस्कटॉपची तोंडओळख ज्याने करून घेतली, त्याला हे शब्द ठाऊक असतात. नऊला लॉगिन केलेल्या माणसाला डेस्कटॉप दिसायला नऊ पस्तीस झाले. आणि सल्लागार मला त्याच्या लॅपटॉपवर दुपारी तीनचा आलेख दाखवत होता, की बघा, यंत्रणेवर भारच नाही!

हे एवढ्यावरच थांबले असते तरी मी केक खाल्ला असता. पण यात मेलचा भाग अजून यायचाच आहे. डेस्कटॉप असे बनवले होते की रात्री प्रत्येकाचा डेस्कटॉप पुसून सकाळी मूळ प्रतीवरून कोरा करकरीत द्यायचा. ठीक. आऊटलुक मात्र मेलबॉक्सची एक प्रत, ती ओएसटी फाइल, डेस्कटॉपवर ठेवते. डेस्कटॉप पुसला की ती प्रतही पुसली जाते आणि सकाळी ती पहिल्यापासून उतरवावी लागते. म्हणून प्रोफाइल आणि ओएसटी एफएसलॉजिक्ससारख्या कंपनीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या वेगळ्या डिस्कवर, ठेवायची असते. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २०१८ सालीच विकत घेतली, म्हणजे हाही काही कालपरवाचा शोध नव्हे. आमच्याकडे तो कंटेनर ‘दुसऱ्या टप्प्यात’ होता. आता हिशेब करू, कारण तो कोणीच केला नाही. एकेकाची प्रत सरासरी चार जीबी, माणसे दोनशे दहा, म्हणजे रोज सकाळी आठशे चाळीस जीबी. मेल पूर्वी याच इमारतीतल्या सर्व्हरवर होते, तेव्हा हे एक वेळ खपले असते. पण मेल तर आपण दोनच दिवसांपूर्वी ढगात पाठवले! म्हणजे ही सगळी गंगा आता आमच्या शंभर एमबीपीएसच्या लीज्ड लाइनमधून, म्हणजे कंपनीच्या भाड्याच्या इंटरनेट जोडणीतून, यायची. त्या लाइनवर दुसरे काहीही केले नाही, तरी तेवढे उतरायला अठरा तास चाळीस मिनिटे लागतात. रोज सकाळी. म्हणजे पहाटे पावणेचारच्या सुमारास शेवटच्या माणसाचे मेल उतरून पूर्ण होणार, आणि तोपर्यंत त्याचा डेस्कटॉप पुसून झालेला असणार. मेलचा प्रकल्प एका सल्लागाराकडे, डेस्कटॉपचा दुसऱ्याकडे. दोघेही एकाच बैठकीच्या खोलीत आळीपाळीने बसत, एकाच मशीनची कॉफी पीत, आणि चार महिन्यांत एकाने दुसऱ्याला एकदाही विचारले नाही, की बाबा रे, तुझे काय चालले आहे? ज्या गुणाकाराला सातवीतले पोर पुरले असते, त्यासाठी आमच्याकडे दोन कंपन्या, एक प्रकल्प कार्यालय आणि बावन्न स्लाइड होत्या, आणि गुणाकार तेवढा नव्हता.

सुरक्षिततेसाठी यूएसबी सरसकट बंद करावे. हा शहाणपणाचा निर्णय आहे आणि तो कोणत्या तारखेला घ्यावा, तर एकोणीसला. वीस तारखेला अकाउंट्समधल्या मॅडम जीएसटीचे विवरणपत्र भरायला बसल्या आणि त्यांनी डिजिटल स्वाक्षरीचा टोकन त्या चिमुकल्या खोक्याला लावला. खोक्याने तो ओळखला. डेस्कटॉपने ओळखला नाही, कारण डेस्कटॉप त्या खोक्यात नसतोच. यूएसबी तिथपर्यंत पोहोचवण्याची परवानगी धोरणात द्यावी लागते, टोकनचा ड्रायव्हर मूळ प्रतीत असावा लागतो, आणि हे दोन्ही मॅडमना विचारले असते तर त्यांनी डिसेंबरातच सांगितले असते. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये, आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. रात्री नऊ वाजता मी भंगारच्या खोलीतून एक जुना संगणक काढला. त्यावर ‘लिलावासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि कळफलकावर बोटभर धूळ होती. मॅडमनी ओढणीच्या टोकाने ती पुसली, टोकन लावला, आणि दहा वाजून चाळीस मिनिटांनी विवरणपत्र गेले. त्यांच्या घरून तोपर्यंत चार वेळा फोन येऊन गेला होता.

या प्रकल्पाच्या यशाबद्दलचा मेल दुसऱ्या दिवशी सर्वांना आला. ज्यांचे आऊटलुक उघडले, त्यांना आला.

आता हे ‘आपण’ पुरे झाले. तुम्ही, ज्यांनी या कामावर सह्या केल्या, तुम्हाला सरळ विचारतो: तुम्हाला नेमकी कशाची लाज वाटते? विचारण्याची? तंत्रज्ञान वाईट नव्हते. क्लाउडवर मेल उत्तम चालतात, व्हर्च्युअल डेस्कटॉपही व्यवस्थित चालतात. ज्यांनी आधी मोजले, त्यांच्याकडे चालतात. तुम्ही मोजले नाही. स्टोअर्समध्ये गेला नाहीत, डिस्पॅचच्या टेबलाशी दहा मिनिटे बसला नाहीत, मॅडमच्या ड्रॉवरमध्ये काय असते ते पाहिले नाही, आणि मी तीन पानी यादी दिली, तर ती ‘ऑपरेशनल डिटेल’ म्हणून परिशिष्टात ढकललीत. ते परिशिष्ट तुमच्यापैकी एकानेही उघडले नाही. फाइल कोण उघडतो, हे मला माझ्या सर्व्हरवर दिसते. आणि सोमवारी हेल्पडेस्कवर जी दोन पोरे होती, वर्षभरापूर्वी लागलेली, बारा-चौदा हजारांवर राबणारी, त्यांना दिवसभर दोनशे दहा माणसांच्या शिव्या खायला लावून तुम्ही आढावा बैठकीत ‘युजर सपोर्ट कमी पडला’ असे लिहिलेत. त्यातला एक पोरगा दुपारी जिन्यात बसून रडत होता. ते वाक्य इतिवृत्तातून काढा. आजच काढा.

पुढच्या टप्प्यात नाशिकचा कारखाना आहे, असे कालच्या बैठकीत कळले. तारीखही ठरली आहे, म्हणे, कुठल्याशा रविवारची. तिथे साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते आणि बस गेटवर किती वाजता येते, एवढे तरी तिथल्या वॉचमनला फोन करून विचारा. नंबर माझ्याकडे आहे.