कॉप्सचा पंचनामा

परवा संध्याकाळी माझ्याच घरी, माझ्याच सोफ्यावर बसून, माझ्याच घरचा चहा बशीत ओतून पिता पिता बी विंगमधल्या काकांनी मला सत्तर टक्के दोषी ठरवलं. अपघात १८ जुलै २०२१चा, इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीतला. गाड्या लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हेरस्टॅपेनच्या. मी त्या दिवशी पुण्यात, टीव्हीसमोर, हातात शेंगदाण्यांची वाटी. तरी सत्तर टक्के मी.

भाचा आला होता, एवढंच कारण. भाचा मॅक्सवाला, मी लुईसवाला. आमच्यात जेवणाआधी कॉप्स, म्हणजे अपघाताचं ते वळण, निघतं आणि जेवणानंतर बोलणं बंद होतं. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पहिलीच फेरी. वुडकोटच्या वळणातून निघून दोघं जुन्या पिट्ससमोरच्या, म्हणजे टायर बदलायच्या जागेसमोरच्या, सरळ रस्त्यावर. पुढे कॉप्स, उजवं वळण, ताशी २९०च्या आसपास. मॅक्स बाहेरून, लुईस आतून. लुईसचं पुढचं डावं चाक मॅक्सच्या मागच्या उजव्या चाकाला लागलं, मॅक्स ५१ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट, दणक्यानं टायरच्या भिंतीत आणि तिथून तपासणीसाठी हॉस्पिटलात. लुईसला १० सेकंदांचा दंड झाला. तो भोगून त्यानं ५२ फेऱ्यांच्या शर्यतीत ५०व्या फेरीला पहिल्या असलेल्या फेरारीच्या लक्लेअरला गाठलं आणि घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकला. माझं म्हणणं, शर्यतीत असं व्हायचंच. भाच्याचं म्हणणं, हा खुनाचा प्रयत्न.

काका आले होते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी. दारातच त्यांनी 'अपघात' एवढा शब्द ऐकला आणि चप्पल काढली.

काका आयुष्यभर वाहन विम्याचे सर्व्हेअर होते. पुणे-सोलापूर रस्त्यावर उलटलेला एकही उसाचा ट्रॅक्टर त्यांच्या नजरेतून सुटला नसावा. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खिशात अजून टेप असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की हे गुडघ्यावर बसून तो मोजतात आणि गाडीच्या मालकाकडे असं बघतात, की त्याला स्वतःचाच संशय यावा.

"किती जखमी?" बसता बसता त्यांनी विचारलं.

"एक," भाचा म्हणाला. "माझा."

"मयत?"

"नाही हो काका, शर्यत होती. फॉर्म्युला वन."

"ते असू दे. एफआयआर?"

मी समजावलं की तिथे पोलीस नसतात, स्टुअर्ड असतात. पंचासारखे. काकांना हे पटलं. मग त्यांनी वर्गणीच्या पावतीपुस्तकातली एक कोरी पावती उलटी केली, वर 'स्पॉट सर्व्हे' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पेनाचं टोक माझ्यावर रोखलं. "लायसन?"

इथे मला संधी दिसली. मी सांगितलं, की हॅमिल्टनकडे आहेच, पण या व्हेरस्टॅपेननं २०१५ साली पहिली शर्यत चालवली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि रस्त्यावर गाडी चालवायचं लायसनच त्याच्याकडे नव्हतं. अठरा पूर्ण झाल्यावर काढलं. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बशी खाली ठेवली. "बिनलायसन? बापानं गाडी दिली कशी?" मी म्हटलं, बापही रेसर होता. "मग बरोबर," काका म्हणाले, आणि मला वाटलं जिंकलो. पण त्यांनी लगेच विचारलं, "अपघाताच्या तारखेला होतं ना लायसन? होतं. मग झालं. पुढे."

त्यांना व्हिडिओ दाखवायचा आम्ही दोघांनीही जीव तोडून प्रयत्न केला. भाच्यानं मोबाइल पुढे केला, मी टीव्हीवर लावलं. काकांनी एकदाही मान वर केली नाही. "व्हिडिओत सगळेच साव दिसतात," म्हणाले. "मला मार कुठे लागलाय ते सांगा." त्यांनी टीपॉयवरचा टीव्हीचा रिमोट उचलला आणि माझ्यापुढे ठेवला, तो हॅमिल्टन. एसीचा रिमोट भाच्यापुढे ठेवला, तो व्हेरस्टॅपेन. चहाचा ट्रे म्हणजे वळण. "लावा, जसं लागलं तसं."

भाच्यानं एसी बाहेरून आणला, मी टीव्ही आतून नेला. ट्रेच्या कोपऱ्यावर दोन्ही रिमोट भिडले. एसीनं टूं केलं आणि खोली गारठायला लागली. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, टेप काढला आणि रिमोटमधलं अंतर मोजलं. रिमोटमधलं! मी म्हटलं, काका, खऱ्या गाड्यांचं मोजमाप वेगळं. ते म्हणाले, "प्रमाण तेच."

मग आला घसारा. भाच्यानं सांगितलं, की मॅक्सच्या संघानं, रेड बुलनं, या अपघाताचं नुकसान साधारण १८ लाख डॉलर सांगितलं होतं. काकांच्या डोळ्यांत मी इतका आनंद त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "एस्टिमेट फुगवलंय," त्यांनी न बघता सांगितलं. "सगळे फुगवतात. टायर किती? चार. टायरला ५० टक्के घसारा. प्लास्टिकचे, रबराचे पार्ट, ५० टक्के. बॉडी कशाची?"

"कार्बन फायबर."

काका थांबले. पेन हवेत. फायबर ग्लास असेल तर ३० टक्के कापायचे, प्लास्टिक धरलं तर ५०. कार्बन फायबर कशात धरायचं? पत्र्यात तर बसत नाही. पुढचा बराच वेळ या एका प्रश्नावर गेला. माझी बायको मध्येच येऊन "पोळ्या गार होतायत" म्हणाली, तेव्हा काकांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, प्लास्टिकमध्ये धरा. धरलं. भाच्याच्या बाजूचे लाखो डॉलर एका वाक्यात कापले गेले आणि मला तिचा अभिमान वाटला. तोच रात्रीचा शेवटचा आनंद.

खरं तर माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. ३० ऑक्टोबर २०११, ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किट. आपल्या देशातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत. त्यात हाच हॅमिल्टन आतून फिलिपे मासा या ड्रायव्हरच्या बाजूला शिरला, मासानं वळण बंद केलं, दोघं भिडले. दंड कुणाला? मासाला! पिट लेनमधून जाऊन यायची शिक्षा. आतून आलेला तोच, वळण बंद करणारा वेगळा, आणि निकाल उलटा. कुठल्याही कोर्टात असा दाखला मिळाला तर वकील नाचेल. मी उभा राहून सांगितलं. फेरीसकट सांगितलं.

काका म्हणाले, "ते दिल्लीकडचं. आमच्या झोनमध्ये येत नाही."

एवढंच. आणि खाली मान घालून पावतीवर काहीतरी लिहिलं. भाचा इतका हसला, की त्याला ठसका लागला.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. त्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली तीनदा. २०१३नंतर बंद. हा खेळ की करमणूक, मग करमणूक कर भरायचा की नाही, या भांडणात सरकारी कागद फिरत राहिले आणि गाड्या गेल्या त्या गेल्याच. आपल्या मातीत झालेली, आपल्या डोळ्यांसमोरची टक्कर कुणालाही आठवत नाही, आणि मी मात्र इंग्लंडातल्या वळणासाठी घरच्या पोराशी भांडतो. नोएडाला शर्यत चालू राहिली असती तर आजवर आमच्या हक्काचे दहाबारा तरी अपघात जमले असते. काकांच्या झोनमध्ये नसते, पण जमले असते.

बरं, स्टुअर्डांचं तरी काय सोनं लागलंय? दर शर्यतीला मंडळ वेगळं. त्यांनी सिल्व्हरस्टोनला म्हटलं, की आत जागा असूनही हॅमिल्टन वळणाच्या टोकापर्यंत, म्हणजे आतल्या कडेच्या बिंदूपर्यंत, आत गेला नाही, म्हणून दोष मुख्यतः त्याचा. काकांनी हे ऐकलं आणि कीव आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "टक्के लिहिले नाहीत? मग कसला निकाल तो!" आता तर नियमांची चोपडी निघालीय. आतून ओव्हरटेक करणाऱ्याच्या पुढच्या चाकांचा आस वळणाच्या टोकापर्यंत दुसऱ्याच्या आरशाला तरी भिडलेला हवा. बाहेरून जाणाऱ्याचा आस तर दुसऱ्याच्या आसाच्याही पुढे हवा. वर्षानुवर्षं ही चोपडी बंद कपाटात, २०२५च्या जूनमध्ये कुठे ती लोकांपुढे आली. परिणाम काय? ड्रायव्हर वळण घेत नाहीत, कलम घेतात. ब्रेक उशिरा लावायचा, टोकाला आधी पोचायचं, मग समोरचा गवतात गेला तर चूक त्याची. २०२४ला अमेरिकेत ऑस्टिनमध्ये मॅक्लारेनचा नॉरिस बाहेरून गेला, ट्रॅकबाहेर गेला, ५ सेकंद खाऊन तिसऱ्याचा चौथा झाला. त्याला बाहेर लोटणारा कोण, हे मी लिहीत नाही, भाचा वाचेल. आणि पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत त्याच महाशयांना दोनदा १० सेकंद. म्हणजे रविवारी रात्र जागवून शर्यत बघायची, आणि कोण कितवा आला ते सोमवारी उठल्यावर वाचायचं. याला काय अर्थ आहे?

भाच्यानं मग त्याचा हुकमाचा एक्का काढला. म्हणाला, काका, रेड बुलनं फेरविचारासाठी पुरावा दिला होता. त्यांच्या राखीव ड्रायव्हरला, आल्बनला, जुन्या गाडीत बसवून त्याच ट्रॅकवर हॅमिल्टनचीच रेषा गिरवायला लावली, आणि कागद करून स्टुअर्डांपुढे ठेवले. काकांनी पेन खाली ठेवलं.

"आधी झाला अपघात, मग तो पुन्हा करून दाखवला?"

"हो."

"हे आमच्याकडे इंदापूरचा एक ट्रकवाला करायचा. दर वेळी दुसऱ्यांदा जास्त नुकसान." त्यांनी विचारलं, "मग? मान्य केला?"

"नाही," मी आनंदानं म्हणालो. "म्हणे हा सापडलेला पुरावा नाही, तयार केलेला आहे. अर्ज फेटाळला."

"शहाणे आहेत," काका म्हणाले. मला वाटलं, आला, माणूस आपल्या बाजूला आला. सेन्ना आणि प्रॉस्टच्या १९८९ आणि १९९०च्या सुझुकातल्या गाजलेल्या टकरी मी लगेच जिभेवर आणल्या होत्या, हेरेझला भिडलेला शूमाखर रांगेत उभा होता. ऐकायला कुणी तयार नव्हतं. काकांनी दोन्ही रिमोट पुन्हा हातात घेतले. माझ्या रिमोटचा पुढचा डावा कोपरा भाच्याच्या रिमोटच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला टेकवला. मला दाखवलं. भाच्याला दाखवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकोला दाखवलं.

"पुढचा तुझा, मागचा त्याचा. मागून लागलं ना? मग संपलं."

"काका, बाजूबाजूला होते! मागून नाही, आतून!"

"आतून, बाहेरून, वरून. बम्पर कुणाचा फुटला ते बघायचं असतं."

"त्या गाडीला बम्पर नसतो!"

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि लिहिलं: टीव्ही ७०, एसी ३०. तीस कशाबद्दल, तर बाजूला गाडी दिसत असून जागा सोडली नाही म्हणून. खाली तारीख घातली, सही केली, 'पक्षकार' म्हणून आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मी सही करणार नव्हतो. बायको म्हणाली, करा आणि जेवायला बसा.

वर शेवटी काय? काका ताटावर बसल्यावर म्हणाले, की तशी दोघांनाही दमडी मिळणार नाही. पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं, शर्यतीसाठी वापरलेल्या गाडीला विमा लागू नाही. मग घसारा कशाला काढला? टेप कशाला लावला? माझ्या पोळ्या कशाला गार केल्या? मी विचारलं. काका भात कालवत होते. म्हणाले, "क्लेम नामंजूर झाला तरी सर्व्हे नीट व्हायला हवा."

भाच्यानं त्या पावतीचा फोटो काढून सगळ्या आजोळी पाठवला. पावतीवर वर छापलेलं 'पाणी टाकी दुरुस्ती वर्गणी', खाली टीव्ही ७०. काल ताईचा फोन. "अरे, तुझी टाकीत सत्तर टक्के चूक निघाली म्हणे? किती भरावे लागतायत?" तिला समजावण्यात अर्धा तास गेला, तरी तिला अजून वाटतं मी गच्चीवर काहीतरी फोडलं. सासऱ्यांनी फोन केला नाही, पण त्यांनी 'गाडी हळू चालवत जा' असा निरोप बायकोमार्फत पाठवलाय. इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीचा विषय मी मुद्दाम काढला नाही. त्याच वर्षी, १२ सप्टेंबरला, मॅक्सची गाडी सरळ लुईसच्या डोक्यावर चढली होती आणि दोष मॅक्सचा ठरला होता, पुढच्या शर्यतीत तीन जागा मागून सुरुवात. ती पावती मी वेगळी फाडून घेणार आहे. तिथे मागून, पुढून काही नाही, वरून आहे. काकांच्या टेपला काय सापडतं बघू.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. मी तोंड फिरवून आकड्यांकडे बघत उभा राहिलो. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रात्रभर झोप लागली नाही म्हणाले.

"ती टायरची भिंत रे. ती कुणाची?"

"सर्किटवाल्यांची असेल."

"तिचं नाव कुणी काढलंच नाही. थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज! आपल्याकडे साडेसात लाखांपर्यंत मिळतात." लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं, तरी ते बाहेर पडेनात. "भाचा कधी येतोय परत? त्याला म्हणावं, भिंतीचे फोटो घेऊन ये."