नावात ‘पीडीएफ’ आहे म्हणून फाइल सुरक्षित असतेच असं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘फाइलच्या नावात पीडीएफ असेल तर बिनधास्त उघडा.’ हे चूक आहे. फाइलची जात ठरते शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून. ‘उतारा.पीडीएफ.ईएक्सई’ हा शेताचा उतारा नव्हे, प्रोग्राम आहे. विंडोज मात्र ओळखीचं शेपूट (म्हणजे ही शेवटची अक्षरं) मुळातच लपवतं, म्हणून दिसतं नुसतं ‘उतारा.पीडीएफ’, चित्रही पीडीएफचंच चिकटवलेलं. (ही लपवाछपवी कुणाच्या सोयीसाठी, देव जाणे!) फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, शेपूट दिसेल.

मोबाइलवर ‘लग्नपत्रिका.एपीके’ आली तर हात लावू नका; ‘एपीके’ म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का? केलीच असेल तर आधी नेट बंद करा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.