साठ पानांत साठ फूटर कामून?

औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झाल्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. आज मराठवाड्यातल्या एखाद्या कॉलेजची, पतसंस्थेची नाहीतर शिक्षण संस्थेची जुनी वेबसाइट उघडा आणि एकेका पानाच्या तळाशी, म्हणजे फूटरमध्ये, जाऊन बघा. मुख्य पानावर नवं नाव. संपर्काच्या पानावर नवं. प्रवेशाच्या पानावर जुनंच. माहिती अधिकाराच्या पानावर जुनं नाव आणि वर दोन प्राचार्यांआधीचा फोन नंबर. संस्था तीच, इमारत तीच, आणि एका पानावर 'जि. धाराशिव', दुसऱ्यावर 'जि. उस्मानाबाद'. नाव बदलायला वेळ लागला म्हणून राग नाही. पत्ता ही एका ओळीची गोष्ट आहे, एका जागी लिहिलेली असती तर दोन मिनिटांत बदलली असती. ती साठ पानांत साठ वेळा चिकटवून ठेवलीय, राग त्याचा आहे.

होतं असं. साइट करणारा पहिलं पान मन लावून करतो. लोगो, मेनू, बाजूची पट्टी, खालचा पत्ता, सगळं नीट. मग त्याचंच 'सेव्ह ॲज' करून दुसरं पान, दुसऱ्यावरून तिसरं. उद्घाटनाच्या दिवशी सगळी पानं हुबेहूब दिसतात, त्यामुळं काही चुकलंय असं कुणाला वाटतच नाही. पुढं मेनूत आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) एक बटण वाढवायचं निघतं. आता साठ फायली उघडा, साठ ठिकाणी तीच ओळ घाला. चाळिसाव्या फायलीला माणूस कंटाळतो आणि जी पानं सहसा कुणी उघडत नाही ती सोडून देतो. वर्षभरानं नवं पान करायची वेळ येते तेव्हा नेमकं त्या सोडून दिलेल्या पानाचीच नक्कल होते. तिथून साइटला दोन पिढ्या सुरू होतात, नव्या मेनूची आणि जुन्या मेनूची, आणि दोन्हींना पोरं होत राहतात. मग अध्यक्षसाहेब विचारतात, 'साइट अशी विस्कटली कामून?' अहो साहेब, ती पहिल्या दिवशीच विस्कटलेली होती, फक्त दिसत नव्हती.

याचं मूळ कोटेशनमध्ये आहे. आपल्याकडं वेबसाइट पानावर विकतात. दहा पानांचे इतके, पुढच्या प्रत्येक पानाला इतके. असा दर लावला की नक्कल करणाऱ्याचा फायदा आणि नीट मांडणी करणाऱ्याचा तोटा. नीट करणाऱ्याची सगळी मेहनत एका साच्यात, म्हणजे सगळ्या पानांना पुरणाऱ्या एका सामाईक मांडणीत, जाते आणि पान वाढवणं त्याच्यासाठी पाच मिनिटांचं काम होतं. ते पाच मिनिटांचं काम बघून गिऱ्हाईक म्हणतं, मग पैसे कशाचे? ज्यानं साठ फायली चिकटवल्या त्याची मेहनत मात्र डोळ्याला दिसते, त्याला पैसे मिळतात, आणि दरवर्षी पत्ता बदलण्याचे वेगळे मिळतात. ही पद्धत गिऱ्हाइकानंच पाळून ठेवलीय.

नाव बदललं तेव्हा बऱ्याच जणांनी शॉर्टकट मारला. सगळ्या फायलींवर एकदम 'फाइंड अँड रिप्लेस'. त्यानं झालेली नासाडी वेगळीच. 'औरंगाबादेत' या शब्दातला 'औरंगाबाद' तेवढा बदलला आणि राहिलं 'छत्रपती संभाजीनगरेत'. इंग्रजी अक्षरांत जुनं नाव असलेले ईमेल पत्ते बदलले, ते पत्ते अस्तित्वातच नाहीत. फोटो आणि पीडीएफ ज्या फोल्डरात होते त्या फोल्डराचं नाव लिंकमध्ये बदललं, सर्व्हरवर फोल्डर जुन्याच नावाचं राहिलं, म्हणून सगळ्या लिंक मेल्या. कुठं जुन्या निकालाच्या उल्लेखातलं खंडपीठाचं नाव बदललं, कुठं बिहारमधलं औरंगाबादही संभाजीनगर झालं. आणि एवढं करूनही काही जागा सुटल्याच, कारण जुन्या फॉन्टातून कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात 'औ' हे एक अक्षर नसतं, 'अ' आणि त्याला जोडलेली मात्रा असते. डोळ्याला सारखंच दिसतं, शोधाला सापडत नाही. मजकूर आणि साचा एकाच फायलीत कालवून ठेवला की बदल साच्यात करायचा का मजकुरात, हे मशीनला कळायला मार्गच उरत नाही.

आणखी एक, नवं नाव लांब आहे. हेडरची, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या पट्टीची, उंची ऐंशी पिक्सेल अशी ठोकून बसवलेली असते. 'औरंगाबाद' एका ओळीत मावत होतं, 'छत्रपती संभाजीनगर' दुसऱ्या ओळीवर गेलं आणि ती ओळ मेनूवर येऊन पडली. हेडरला 'हाइट' द्यायचीच नसते, 'मिन-हाइट', म्हणजे किमान उंची, द्यायची. मजकूर वाढला की डबा वाढला पाहिजे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी साठ पानांत साठ वेगळे जुगाड: कुठं अक्षर बारीक केलं, कुठं नाव तोडलं, कुठं 'छ. संभाजीनगर', कुठं 'छत्रपती संभाजी नगर'. झाली चार पानांची चार रूपं.

बरं, हे टाळायला काही लई मोठी विद्या लागते का? नाही! हेडरची एक फाइल, फूटरची एक फाइल, आणि प्रत्येक पानात त्यांना बोलावणारी एकेक ओळ. स्वस्तातल्या होस्टिंगवरही पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर पान जोडून देणारी भाषा, असतेच, त्यात 'इन्क्लूड' आणि 'रिक्वायर' आहेत. हेडरसाठी 'रिक्वायर' वापरा. 'इन्क्लूड'ला फाइल सापडली नाही तर ते नुसता इशारा देऊन पुढं जातं, आणि सर्व्हरवर चुका दाखवणं बंद असेल तर पान मुकाट्यानं बिनडोक्याचं दिसतं, महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. 'रिक्वायर' तिथंच थांबतं, म्हणजे चूक त्याच दिवशी कळते. पीएचपी नको असेल तर अपाची या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचं सर्व्हर साइड इन्क्लूड आहे, नाहीतर ह्यूगो किंवा इलेव्हन्टीसारखं साधन घ्या. ते आपल्या लॅपटॉपवर साच्यातून सगळी पानं तयार करून देतं, मग तयार फायली चढवायच्या.

इथंही लोक दोन जागी हमखास पडतात आणि मग 'इन्क्लूडनं काम होत नाही' म्हणून पुन्हा चिकटवायला लागतात. पहिली जागा म्हणजे लिंकचे पत्ते. हेडरमध्ये सीएसएसची (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या फायलीची) लिंक नुसती फोल्डराच्या नावानं सुरू केली तर मुख्य पान ठीक दिसतं आणि 'नोटीस' फोल्डरातली पानं उघडीबोडकी, कारण ब्राउझर ती फाइल नोटीस फोल्डरात शोधतो. पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरकी रेघ द्या, म्हणजे शोध साइटच्या मुळापासून सुरू होईल. लोगो, मेनूतल्या लिंका, स्क्रिप्ट, सगळ्यांना हाच नियम. एका रेघेसाठी अख्खी पद्धत मोडीत काढतात, काय म्हणावं!

दुसरी जागा जास्त छळते. हेडरची फाइल जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) करून सेव्ह केली की सुरुवातीला तीन बाइट बसतात, त्यांना बॉम म्हणतात. डोळ्याला दिसत नाहीत. पण पानाच्या माथ्यावर एक रिकामी पट्टी येते, फक्त त्याच पानांवर जिथं ती फाइल जोडलीय, आणि लॉगिनच्या पानावर 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी चूक येते. मग त्या पट्टीला झाकायला वरचा मार्जिन उणे वीस पिक्सेल, म्हणजे ज्या पानांत पट्टी नाही तिथं लोगो अर्धा कापला. उपाय एवढाच की एडिटरमध्ये 'बॉमशिवाय यूटीएफ-८' निवडून फाइल परत सेव्ह करायची.

वर्डप्रेसवाल्यांनी खूश होऊ नये. तिथं हेडर-फूटर मुळातच एका जागी असतात, तरी पेज बिल्डर (तयार तुकडे ओढून पान बांधायचं साधन) वापरून प्रत्येक पानाच्या पोटात वेगळा फूटर बांधणारे भेटतात. पत्ता, बँकेचा आयएफएससी, कार्यालयाची वेळ असे पुन्हापुन्हा येणारे तुकडे सिंक्ड पॅटर्नमध्ये ठेवायचे, एका ठिकाणी बदललं की सगळीकडं बदलतं. आणि मूळ थीमच्या (साइटच्या तयार रूपाच्या) फायलीत हात घालून फूटर बदलायचा नाही. थीमचा पुढचा अपडेट आला की तो बदल पुसला जातो. चाइल्ड थीम, म्हणजे आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणारी जोडथीम, त्याचसाठी असते.

आता कार्यालयातून येणाऱ्या मजकुराचं बोलू, कारण साचा कितीही चांगला असला तरी त्याचा सत्यानाश इथून होतो. क्लार्क वर्डमधून नोटीस कॉपी करून सरळ पानात चिकटवतो. शब्दांबरोबर वर्डचे फॉन्ट, आकार, रंग, ओळींतलं अंतर हे सगळं प्रत्येक परिच्छेदाच्या अंगावर शिक्का मारून येतं. अंगावरचा स्टाइल बाहेरच्या सीएसएस फायलीपेक्षा वरचढ ठरतो. मग ते दाबायला सीएसएसमध्ये 'इम्पॉर्टंट' (हाच नियम वरचढ धर असा हुकूम), त्यावर दुसरा 'इम्पॉर्टंट', आणि शेवटी कोणता नियम कुठून लागतोय ते कुणालाच सांगता येत नाही. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून नुसता मजकूर चिकटवायचा, मथळे आणि याद्या साइटच्याच बटणांनी करायच्या. हे कार्यालयात एकदा बसून दाखवून द्या, कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

मराठी पानांचा वेगळा जाच आहे. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये ओळीची उंची १.२ वगैरे असते. त्यात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. १.६ च्या आसपास ठेवा, एकाच जागी ठेवा. फॉन्ट साइटनं स्वतः पुरवा, नाहीतर विंडोजवर मंगल किंवा निर्मला दिसेल, अँड्रॉइड फोनवर नोटो, आणि तोच मेनू एका ठिकाणी एका ओळीत मावेल, दुसरीकडं दोन ओळींत. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं 'एमआर' लिहा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. अर्ध्या पानांत ते लिहिलंय आणि अर्ध्यांत नाही, तर एकाच साइटवर दोन वळणांचे ल दिसतात. हे बारीक वाटेल, पण आपल्या भाषेचं अक्षर आपल्याच संस्थेच्या पानावर धड दिसू नये, याचा त्रास होतोच.

किनवटला नाहीतर परंड्याला बसलेला पोरगा प्रवेशाची यादी फोनवर बघतो. त्याच्यासाठी प्रत्येक पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसव असं सांगणारी, एक ओळ लागते. ती राहिली की फोन पान ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो. मुख्य पानात ती असते, नक्कल केलेल्या जुन्या पिढीत नसते, आणि यादी नेमकी जुन्या पिढीच्या पानावर लावलेली असते. बाजारभावाचा आठ रकान्यांचा तक्ता अख्ख्या पानाला उजवीकडं ढकलतो. तक्त्याभोवती एक डबा करून त्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' द्या, तक्ता आतल्या आत सरकेल. स्कॅन केलेल्या नोटिशीच्या चित्राला 'मॅक्स-विड्थ' शंभर टक्के. या गोष्टी सीएसएसमध्ये एकदाच लिहायच्या असतात, नोटीस लावताना दर वेळी आठवायच्या नसतात.

कॉम्प्युटरवर एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की लोगो किंचित डावीकडं-उजवीकडं उडी मारतो, हे बघितलंय का? लांब पानाला स्क्रोलबार असतो, आखूड पानाला नसतो, त्याची रुंदी पंधरा-सतरा पिक्सेल, आणि मधोमध बसवलेला मजकूर त्याच्या निम्म्यानं सरकतो. यावर उपाय म्हणून एका पानात सात पिक्सेल मार्जिन ठोकणारे महाभाग आहेत. सीएसएसमध्ये 'स्क्रोलबार-गटर: स्टेबल' ही एक ओळ टाका आणि ते सात पिक्सेल काढून फेका.

मेनूचा क्रम सगळ्या पानांवर एकच असावा हे काही सुशोभीकरण नाही. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मानकात २००८ पासून ३.२.३ हा निकष त्यासाठीच आहे. स्क्रीन रीडर ऐकून साइट वापरणारा माणूस तिसरी लिंक 'निकाल' आहे हे लक्षात ठेवतो. तुमच्या जुन्या पिढीच्या पानावर तिसरी लिंक 'फोटो गॅलरी' आहे. त्याला तुम्ही दर पानाला नव्यानं चाचपडायला लावता.

संस्थाचालकांनो, पानामागं दर मागणं आधी बंद करा. साचा किती, आणि तो कोणकोणत्या प्रकारच्या पानांना पुरेल, यावर भाव करा: साधं पान, नोटिशींची यादी, तक्ता, फोटो, संपर्क. बहुतेक संस्थांना पाच-सहा साचे पुरतात. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी करणाऱ्याला समोर बसवा. फूटरमधला फोन नंबर बदलून दाखव म्हणा, मेनूत एक बटण वाढवून दाखव म्हणा, आणि तो किती फायली उघडतो ते शेजारी बसून बघा. मग कॅशे (ब्राउझरनं साठवलेली जुनी पानं) साफ करून फोनवर कोणतीही पाच पानं उघडा, त्यात फोल्डराच्या आतलं एक आणि पान सापडलं नाही असं सांगणारं एक नक्की घ्या. नंबरासाठी एकापेक्षा जास्त फाइल उघडावी लागली, तर बिल थांबवा.