सरसकट ‘प्रोबायोटिक’ म्हणणे धोक्याचे

अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा दीर्घकालीन आजार) रुग्णांनी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू असलेले पूरक) घेतल्यास आतड्यातील जिवाणू पूर्ववत होतात, असे लेखात सरसकट म्हटले आहे. ते मला पटले नाही. माझ्या पत्नीला हा आजार नऊ वर्षांपासून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गुण असलाच तर तो जिवाणूच्या विशिष्ट वाणाचा असतो. आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी १९१७ मध्ये, साथीतही आमांश न झालेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा वाण अल्सरेटिव्ह कोलायटिस शमलेला ठेवण्यात मेसालाझिन या त्यावरील नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरल्याचे चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्यावरून दुकानातील कोणतीही बाटली तेच काम करील असे होत नाही, आणि क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात तर प्रोबायोटिकचा ठोस फायदा सिद्धच झालेला नाही.

इसबगोलाचा उल्लेख मात्र लेखात हवा होता. त्यातील तंतूंचा काही भाग जिवाणू आंबवतात व त्यातून ब्युटिरेट तयार होते, जे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. अर्थात, पेल्यात पाच मिनिटे ठेवलेला इसबगोल कसा घट्ट फुगतो हे पाहिले की, क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेल्यांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय का घेऊ नये, हे लगेच कळते.

एका विक्रेत्याच्या भरवशावर पत्नीने मेसालाझिन बंद करून केवळ प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेतल्या आणि तीन आठवड्यांत शौचातून पुन्हा रक्त जाऊ लागले. पूरक गोळ्यांसाठी मूळ औषध थांबवू नये, एवढे वाक्य तरी लेखकांनी कृपया लेखात जोडावे.